ज्वारीचा पिंड

मनकर्णाबाई जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "माझं तुम्ही कराल. तुमचं कोण करणार?" मूलबाळ नव्हतं, जवळचं म्हणावं असं माणूस उरलं नव्हतं, आणि तेव्हापासून त्यांचे यजमान भगवंतराव गावंडे आपले भाऊबंद शोधत होते.

अमरावतीच्या कचेरीत त्यांनी मुन्शी म्हणून उभा जन्म काढला होता, आधी निजामाच्या अंमलात आणि मग इंग्रजांच्या. फारसी, मोडी, संस्कृत तिन्ही येत, आणि म्हणूनच लिहिलेल्या आडनावावर त्यांचा विश्वास नव्हता. फारसी लिहिताना वरची एक रेघ राहिली की गावंडेचे कावंडे होत; मोडी लिहिणारा घाईत असला की गवंडे; आणि नव्या साहेबाच्या कारकुनानं तर गोंडे करून टाकलं होतं. आजोबांच्या वेळी पेंढाऱ्यांच्या धामधुमीत घराणं फुटलं, एक भाऊ अकोल्याकडे निघून गेला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो पुढे कोणत्या आडनावानं नांदला, की नांदलाच नाही, याचा विचार करता करता भगवंतरावांना कधी कधी आपण तरी गावंडेच आहोत ना, अशी शंका येई.

खूण एकच होती आणि ती वडिलांनी सांगितलेली. कुठल्याशा दुष्काळात पूर्वज वारला तेव्हा घरात तांदळाचा दाणा नव्हता. दहाव्याला ज्वारीच्या पिठाचा पिंड वळला आणि कावळा शिवला. तेव्हापासून या कुळात पिंड ज्वारीचाच. नाव लिहिणाऱ्याच्या हातात असतं, पिंड मात्र घरच्या माणसाच्या हातात. पण कुणाच्या घरात सगळे धडधाकट असताना "तुमच्याकडे पिंड कशाचा करता हो?" असं विचारायचं तरी कसं? भगवंतरावांनी ही गोष्ट बायकोखेरीज कुणालाच सांगितली नव्हती.

त्यात दिवस असे आलेले. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. ज्याच्या दारात कापसाची गंजी, त्याला भाऊबंद उगवायला पाऊसही लागत नव्हता. आपणही त्यांतलेच ठरू, या भीतीनं भगवंतरावांचा पाय घरातून निघत नसे.

एके दिवशी सहदेव गाडीवान ओट्यावर टेकला. त्याच्या गाड्या अकोल्यापर्यंत जात.

"काय सांगू मुन्शीजी, भाव असा चढून राहिला अन् अकोल्याचे कावंडे गंजी झाकून बसले. सूतक हाये म्हणे. दहाव्याआधी बोंडाले हात लावत नाईत."

"कोण गेलं त्यांचं?"

"कोन जाने. कोनी लांबचा बुढा."

भगवंतरावांनी क्षणभर डोळे मिटले. "मला नेशील तिथं? दहाव्याला पोचायला हवं."

"लगनाले जाऊन राहिल्यासारखे काहून खूश झाले तुमी?" सहदेव हसला. मग त्यांचा चेहरा पाहून त्यानं बैलांसाठी पाणी मागितलं.

वाटेत मूर्तिजापुरानंतर भगवंतरावांच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. जाईना. अकोल्याला पोचल्यावर सकाळी मोर्णा नदीच्या काठी सहदेवानं गाडी सोडली आणि तो बैल धुवायला खाली गेला. काठावरच थोडं पलीकडे दहा-बारा माणसं बसली होती, डोकी भादरलेली, धोतरं ओली. पळसाच्या पानावर पिंड ठेवला होता. भगवंतराव शक्य तितके जवळ गेले. पिंडाला तांदळाचा पांढरेपणा नव्हता. ज्वारीचं भुरकं पीठ, त्यात काळे तीळ, वर पाण्याची धार ओघळलेली. त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कशाची तरी खात्री वाटली.

बाभळीवर कावळे बसले होते. एकही खाली येत नव्हता.

"कुणाचा दहावा?" त्यांनी कडेला उभ्या असलेल्या माणसाला विचारलं. तो घरचा कर्ता, शेषराव कावंडे. त्यानं बाभळीवरची नजर काढली नाही.

"अमरावतीचे काकाजी. भगवंतराव. कचेरीत मुन्शी होते. आमी कधी पायले बी नाई. आता त्याईची इच्छा काय राहिली, हे कावळ्याले कोन सांगावं?"

भगवंतरावांना नदीचा आवाज एकदम लांब गेल्यासारखा वाटला.

"पाहिलं नाही, मग सूतक कसं धरलंत?"

"सांगनारा आला होता. बुढा मानूस, पायावर धूळ, पानीबी नाई घेतलं. म्हणे, आडनाव लिवतात येगळं, पन पिंड त्याईचाबी ज्वारीचाच. मंग इचारायचं काय राह्यलं?"

बायकोखेरीज कुणालाच न सांगितलेली गोष्ट; भगवंतरावांची नजर आपल्याच धुळीनं भरलेल्या पायांकडे गेली. मी इथं उभा आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेही. पण ते उच्चारले असते तर सूतक खोटं ठरलं असतं, पिंड मातीत गेला असता, ही ओली डोकी हसत घरी गेली असती, आणि मागे उरला असता कापसाच्या भावात दाराशी आलेला आणखी एक भाऊबंद. शिवाय भगवंतराव काय एकच असतो? मुन्शीही पुष्कळ असतात. आपण खात्रीनं तेच आहोत, असं कुणी विचारलं तर दाखवायला काय होतं? कागदावर त्यांनी स्वतःच कधी विश्वास ठेवला नव्हता. ते एक पाऊल मागे सरले.

ऊन चढलं. शेवटी शेषराव पुढे झाला आणि त्यानं हात जोडले.

"काकाजी, मागं कोनी नाई असं समजू नका. गावंडे काय अन् कावंडे काय, आमी तुमचेच. जिते हावो तंवर दरसाल पानी देऊ."

एक कावळा उतरला, मान तिरकी करून क्षणभर थेट भगवंतरावांकडे पाहत राहिला आणि मग त्यानं पिंडात चोच घातली.

माणसांनी श्वास सोडला. रिवाजाप्रमाणे मागे वळून न पाहता ती उठली आणि एकेक करून भगवंतरावांना अगदी खेटून गेली. वाट द्या, असं कुणीच म्हणालं नाही.

दोन दिवसांची भूक कुठे गेली, ते त्यांना कळेना. तोंड कोरडं पडलं असेल म्हणून त्यांनी उपरण्यानं ओठ पुसले. उपरण्याला ज्वारीचं ओलं पीठ लागलं होतं, आणि दोन काळे तीळ.