डावीकडची चंद्रकोर

ढालींच्या गठ्ठ्यावर सुतळीची गाठ, हरभऱ्याएवढी. कोठीकाका त्या गाठीवरच चिडलेले. “गाठ मारतात की सूड उगवतात?” ते नोंदवहीवर वाकलेल्या तिच्या कानाशी पुटपुटले—आणि मग नखानं हळूच सोडवू लागले, कारण गाठ तिच्या बाबांनी मारलेली होती.

संग्रहालयाचं कोठार काका सांभाळतात, नोंदी ती करते. आज आफ्रिकन ढालींच्या प्रतिकृती : कोणी केल्या, कधी, कशावरून. पाच ढाली. शाळांना दाखवायला बाबांनीच केलेल्या. तीस वर्षं ते इथले नमुनाकार. त्यांना जाऊन बावीस दिवस झाले, ती रडली नव्हती. बायका म्हणाल्या, मन घट्ट आहे हो. घट्ट कसलं... दात काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग.

‘कोणी केली’—तिनं बाबांचं नाव पाचदा लिहिलं, शिक्षा म्हणून लिहावं तसं. पाचही ढालींवर तांबडी चंद्रकोर डावीकडे. त्या आफ्रिकन लोकांच्या खऱ्या ढालींवर ती उजवीकडे असते. बाबांनी ज्या फोटोवरून काम केलं तो उलटा छापलेला, हे पुढे पुस्तकांतून कळलं. “डावखुऱ्यांची फौज उभी केली मी,” बाबा जेवताना हसायचे, आणि आई पानात बघत बसायची. पण खरी ढाल वरच्या दालनात असताना फोटो कशाला, हे कोणी विचारलं नाही... मी तरी कुठे विचारलं? बापाचं उजवं-डावं कोण तपासतं?

आज सकाळी ती वर गेली होती. काचेच्या पेटीत सहावी ढाल, खाली पाटी ‘अस्सल’. चंद्रकोर डावीकडे.

मग खरी कुठे गेली? ज्या वर्षी या ढाली झाल्या, त्याच वर्षी आमच्या घराचा वरचा मजला चढला होता—

तिनं सहाव्या ढालीसाठी नोंदीचा कोरा कागद काकांपुढे सरकवला.

“अस्सलचा कागद प्रतिकृतींत नसतो गं.”

“काका, बाबांनी विकली का?” आवाज सपाट, बस किती वाजता, असं विचारावं तसा.

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता धरून बसले.

“विकायला आधी असावी लागते, पोरी. खरी इथं आलीच नाही कधी. दालनाच्या उद्घाटनाच्या आठ दिवस आधी खोका आला, त्यात नुसता फोटो. साहेब म्हणाले, करा काहीतरी. ढाल तुझ्या बाबांनी केली. पाटी मी लावली.”

म्हणजे बाबा चोर नव्हते. हायसं वाटायला हवं होतं... त्याऐवजी राग वर आला, कढत, बावीस दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी आलं—आणि तो कोणावर काढावा, तेच तिला कळेना.