पाण्याबाहेरचे गुडघे

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. आंघोळीचा नव्हे बरं का! तसं कोणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. दुखऱ्या सांध्यांना गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी आराम देणं हे माझं काम. माझ्या पोटात सहा बैठका आहेत, निळे दिवे आहेत. सध्या मात्र तिथे रंगाचे रिकामे डबे ठेवले आहेत.

कारखान्यात मला साच्यातून काढलं तेव्हा एका कामगाराने हात फिरवून "झकास!" म्हटलं होतं. तेव्हापासूनच मी जरा शेफारलो. दुकानात मला दर्शनी भागात ठेवलं. शेजारी एक बेढब टब होता. त्यात एकच माणूस मावे आणि त्याच्या कुशीला चक्क दार होतं. मी त्याला मनातल्या मनात 'कपाट' म्हणत असे.

एके दिवशी एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण दुकानात आले. त्यांचे वडील रंगारी होते. उभा जन्म शिडीवर गेलेला, म्हणून गल्लीत सगळे त्यांना 'शिडीवाले' म्हणत. आता त्यांचे गुडघे आखडत चालले होते. रोज वीस मिनिटं गरम पाण्यात बसून पाय हलवले नाहीत तर चालणं सुटेल, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं.

"वापरणार कोण? वडीलच ना?" विक्रेत्याने विचारलं. "मग त्यांना एकदा घेऊन या. पाणी न भरता नुसतं आत बसवून बघू."

"त्यांना कशाला त्रास?" ताई म्हणाली. "ते म्हणतात, तुम्हीच बघा, मला त्यातलं काय कळतंय!"

भावाने 'कपाटा'चं दार उघडून लावलं. मग माझे निळे दिवे लागले आणि तो हरखला. "हाच घेऊ ताई. सगळे मिळून बसू." मला आभाळ ठेंगणं झालं. जाताना शेजाऱ्याचा निरोपही मी घेतला नाही.

घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली मला बसवलं. बाबांनी कोपर बुडवून पाणी पाहिलं, मग माझा काठ पाहिला. सोबतच्या दोन पायऱ्या ते कसेबसे चढले असते, पण काठावरून पाय पलीकडे टाकायला गुडघा पुरता वाकायला हवा, आणि नेमका तोच तेवढा वाकत नव्हता. शेवटी मुलाने त्यांना उचलून आत बसवलं. फवारे सुरू झाले. बाबांनी डोळे मिटले. "कित्येक वर्षांनी गुडघा गप्प बसलाय बघ," ते म्हणाले. ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांना उचलताना मुलाच्या पाठीत चमक भरली. त्याने दाखवलं नाही, पण बाबांना कळलंच. दुसऱ्या दिवसापासून ते म्हणू लागले, "तुम्ही जा कामावर. माझं मी बसतो. आता जमतंय मला."

जमत नव्हतं. दोघं घराबाहेर पडली की बाबा रंगकामाचं जुनं स्टूल ओढत आणत, मला खेटून बसत आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात सोडत. त्यांचे गुडघे माझ्या भिंतीला टेकत. आत पाणी गरम, बाहेर गुडघे गार आणि मधे मी. फार लाज वाटे मला. वीस मिनिटांनी ते उठत, टॉवेल पाण्यात बुडवून पिळत आणि दोरीवर वाळत घालत.

संध्याकाळी तो ओला टॉवेल पाहून ताई खूश होई. "कसं वाटतंय बाबा?"

"एकदम फर्स्टक्लास!"

मी ओरडून खरं सांगितलं असतं, पण मला बुडबुड्यांपलीकडे काही बोलता येत नाही.

वर्षभरात बाबांचं चालणं सुटलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "पाण्यात बसत नव्हते का?"

"रोज बसायचे," ताई म्हणाली. "टॉवेल रोज ओला असायचा." बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. मग छातीत कफ साठला आणि ते गेले. माझ्या सहा बैठकांवर सहा माणसं कधी बसलीच नाहीत.

काही दिवसांनी ताई त्यांचं सामान आवरायला आली. माझ्याजवळचं स्टूल पाहून ती थकून त्यावर टेकली. तिचे हात आपसूक माझ्या काठावर आले, गुडघे भिंतीला लागले. तिथे रंग उडून दोन गोल डाग पडले होते. तिने त्यांवर बोट फिरवलं, दोरीवरच्या वाळलेल्या टॉवेलकडे पाहिलं आणि तिला सगळं उमगलं.

"बाबा, एकदा सांगायचं तरी!" ती हुंदके देत म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आम्ही तरी कुठे विचारलं?"

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू घ्याल तेव्हा माझे दिवे मोजू नका. ज्याच्यासाठी घेताय, त्याचा हात धरून त्याला घेऊन या. तो "तुम्हीच बघा" म्हणाला तरी आणा, आणि आधी त्याला बसवून पाहा. दुकानात आनंदाने फुललेला मी आज त्या 'कपाटा'ची क्षमा मागतो. त्याच्या दारातून बाबा आपल्या पायांनी आत गेले असते.

मध्यंतरी भावाने मला बाहेरून नवा रंग दिला. ताईने ते दोन डाग मात्र रंगवू दिले नाहीत.