हेस्टरचं मत

समुद्राने थॉर्नहोचा खालचा रस्ता कुरतडत आणला, तेव्हा गावाच्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे पंचायतीवर, आम्ही चौघंच होतो. मी आणि एडमंड केट वरच्या गावातले. हेस्टर थर्टल आणि गॉर्डन लार्टर त्या खालच्या रस्त्यावरचे, कड्याच्या काठचे, एकमेकांचे शेजारी. पाचव्या खुर्चीवर बसायला कुणी तयार नव्हतं.

रस्ते बघणाऱ्या काउंटी सरकारचं म्हणणं होतं, गावाने त्या घरांमागचं कुरण द्यावं, तिथून काउंटी नवा रस्ता बांधून देईल. आम्हाला फक्त हात वर करायचे होते.

सभा सुरू झाली आणि कारकून मिस बर्जेसनी चष्मा पुसला. "हेस्टर, गॉर्डन, तुमची घरं त्या रस्त्यावर आहेत. म्हणजे तुमचा यात स्वार्थ आला. तुम्हाला बाहेर जावं लागेल."

"अहो, आमची घरं चाललीत म्हणून तर ही सभा!" गॉर्डन म्हणाला.

"म्हणूनच."

दोघं बाहेर गेली. आत मी आणि एडमंड. ठरावाला निदान तिघं लागतात. त्या दोघांना मत द्यायची खास परवानगी देता आली असती, पण ती देणारी सभाही हीच, आणि तिलाही तिघंच हवीत.

किनारा सांभाळणाऱ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे गेलो. ते म्हणाले, कडा आमचा, पण रस्ता काउंटीचा. काउंटी म्हणाली, आधी तुमचा ठराव आणा. मी पाचव्या खुर्चीसाठी दारोदार फिरलो. "तुमच्या भांडणात मला कशाला ओढतोस?" बेकरीवाली म्हणाली.

हिवाळ्यात निम्मा रस्ता खाली गेला. गॉर्डनच्या बायकोला, आयव्हीला धाप लागली, तर रुग्णवाहिका वरच थांबली. आम्ही तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून वर आणलं. ती वाटभर माझी बाही घट्ट धरून होती. पुढच्या खेपेला कोण उचलणार, असं तिने विचारलं नाही, पण आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं.

जानेवारीच्या वादळात हेस्टरची बाग गेली. घर कधीही कोसळेल म्हणून डिस्ट्रिक्टची माणसं आली आणि त्यांनी ते पाडलं. तिची उरलीसुरली जमीन त्याच महिन्यात समुद्राने नेली. लग्न होऊन हेस्टर त्याच घरात आली होती. आता वर बहिणीकडे राहू लागली.

पुढच्या सभेत रस्त्याचा विषय निघाला तसा गॉर्डन कुणी सांगायच्या आधीच बाहेर गेला. सवयीने हेस्टरही उठली.

"तुम्ही बसा, हेस्टर," मिस बर्जेस हळूच म्हणाल्या. "तुमचं आता तिथे काही राहिलेलं नाही."

एडमंड टेबलाकडे बघत राहिला. हेस्टर सावकाश खाली बसली आणि सगळ्यांच्या आधी तिने हात वर केला. मग आम्ही दोघांनी केले. तीन मतं झाली.

बाहेर पोर्चमध्ये गॉर्डन टोपी चुरगाळत उभा होता.

"मिळाला तुला रस्ता," हेस्टर त्याला म्हणाली.

"आयव्ही चहा टाकेल," तो म्हणाला. "चल ना घरी."

"आयव्हीलाच घेऊन ये माझ्याकडे," हेस्टर म्हणाली. "मला अजून तिकडे बघवत नाही रे."