तीन हिरव्या टिकल्या

समुद्रपुरातून रोज दुपारी एक विमान उडतं, हे त्या उन्हाळ्यात गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टँडवरची कुत्रीसुद्धा उभ्या एसटीच्या सावलीतून हलत नसत, अशा वेळी मधुकरराव आपल्या जनरल स्टोअर्सचं शटर अर्धं ओढून घेत, बांगड्यांच्या खोक्यांमधून वाट काढत मागच्या खोलीत येत आणि कॅप्टनच्या खुर्चीवर बसत.

खुर्ची प्लास्टिकची होती. शेजारच्या तसल्याच खुर्चीवर त्यांची लेक रीता बसे. ती शिकाऊ, म्हणून तिची जागा उजवीकडे. कॅप्टनची डावी खुर्ची आपसूकच वडिलांकडे आली होती. वरच्या फळीवरचा डबा काढायला शिडी चढताना ज्यांना घाम फुटतो, त्या मधुकररावांनी हा मान मात्र एका शब्दानं नाकारला नव्हता.

समोरच्या भिंतीवर कागदाचं कॉकपिट डकवलेलं होतं. खऱ्याच्या मापाचं, सगळी बटनं आणि पडदे छापलेलं. चाकं उतरून पक्की बसली की जे तीन हिरवे दिवे लागतात, ते छपाईत फिके आले होते. मधुकररावांनी दुकानातल्या पाकिटातून तीन हिरव्या टिकल्या काढून त्यांवर चिकटवल्या होत्या. नव्या नवरीच्या कपाळावर शोभाव्यात तशा त्या दिसत.

कूलर लावला की इंजिन सुरू व्हायचं. ओल्या वाळ्याच्या वासात खोली हळूहळू वर उचलली जाई. मधुकररावांचे डोळे अर्धे मिटत आणि त्यांना सगळं खाली दिसायला लागे. नांगरून पडलेली काळी वावरं, वणा नदीचा बारीक धागा, रस्त्यावरून सरकणारी एवढीशी एसटी.

"हे अल्लीपूर आलं," ते सांगत. "आन् थे दूर, आत्याचं रोहणा. आत्या छतावर पापड वाळू घालून राह्यली, पाह्य."

"कॅप्टनसाहेब, समोर पाहा," रीता म्हणे आणि हसे.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रीताकडे वैमानिकाचं लायसन्स होतं, विमान कंपनीत निवडही झाली होती. खऱ्या खुर्चीवर बसण्याआधी विमानाच्या यंत्रांची तोंडी परीक्षा असते, तिथे ती नापास झाली होती. आता एकच संधी उरली होती. तीही गेली की घरी. परीक्षकांनी विचारलं होतं, चाकाचा एक दिवा लागला नाही, काय झालं असेल? तिनं काय-काय करायचं ते खडाखडा म्हणून दाखवलं. ते म्हणाले, काय करायचं ते मी विचारलं नाही, काय झालं असेल ते सांग. तिनं पुन्हा तेच खडाखडा म्हटलं.

ती रडत घरी आली त्या दिवशी मधुकररावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खूप समजूत घातली, आणि रात्री कित्येक महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली. पोरगी जमिनीवर होती. सकाळी उठल्यावर आपल्या झोपेची त्यांना एवढी लाज वाटली, की ते चहासुद्धा न घेता दुकानात जाऊन बसले. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

ती भीती कागदाच्या विमानातही होती; उतरायची वेळ आली की ते खुर्चीचे हात घट्ट धरत.

"चाकं खाली," एकदा रीता म्हणाली.

"थांब बेटा. थे चाक उतरते कायनं?"

"तेलाच्या दाबानं."

"आन् तेल गेलं तं?"

"मंग हे हँडल फिरवाचं. कड्या सुटतात आन् चाक आपल्या वजनानंच खाली येते."

"आन् जमिनीले टेकल्यावर पुन्हा वर काऊन नाई जात? एवढं मोठं धूड बसते त्याच्यावर."

"लॉक होते ना, बाबा."

"कायनं लॉक होते?"

रीता ताडकन उठून बाहेर गेली. पोर चिडली, असं मधुकररावांना वाटलं. तेवढ्यात ती अंगणातली फोल्डिंगची खाट घेऊन आली, ती उलटी टाकली आणि तिचा एक पाय उघडमीट करू लागली. पायाला लावलेली दांडी मधोमध मुडपत होती. पाय पुरता सरळ झाला, की ती जराशी पुढे सरकून खट्ट बसे. मग कितीही दाबा, मिटत नसे.

"चाकाची दांडी अशीच असते," रीता हळूच म्हणाली. "स्प्रिंग तिले मुडपूच देत नाई. मी हे सगळं पाठ केलतं, बाबा. दिसलं आत्ता."

रीताची आई रुख्मिणीबाई ताकाचे पेले घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हे काय, खाटीचे पाय वर?"

"विमानाचे हायेत," मधुकरराव गंभीरपणे म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी मनातली एकेक भीती बाहेर काढली. वीज गेली तं? इंजिन थंडं झालं तं? रीता कधी लगेच सांगे, कधी पुस्तकात डोकं खुपसून दुसऱ्या दुपारी उत्तर आणे. ढगांमध्ये बसून दोघं विमानाच्या पोटातल्या नळ्यांमधून हिंडून येत. मधुकररावांना वाटे, ही दुपार संपूच नये. हे विमान कधी पडणार नव्हतं.

रीता परीक्षेला निघायच्या आदल्या दिवशी ते शेवटचं उडाले. रोहण्यावरून वळून परत आले, खाली स्टँड दिसू लागला.

"चाकं खाली," रीता म्हणाली. हिरव्या टिकल्या दोनच होत्या. तिचे ओठ पाठ केलेलं पुटपुटू लागले.

मधुकरराव वाकून खुर्चीखाली चाचपत होते. "टिकलीच पडली वाटते. ओल लागली कूलरची. चाकाले काई झालं नाई, थांब."

ओठ थांबले. "काय म्हणलं, बाबा?"

"टिकली पडली म्हणलं."

रीता हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "थेच तं विचारलं होतं सायबानं! दिवा गेला का चाक अडकलं, हे पाहाचं आधी. खालच्या पडद्यावर चाकांचं दुसरं चित्र असते, त्याची तार अलग. साक्षीदार दोन हायेत, बाबा. मी एकालेच पाहून घाबरली."

टिकली सापडली नाही.

फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. "बाबा, पास झाली! तेलाचं विचारलं. मी सांगत गेली, आन् दर खेपेले तुमचाच आवाज ये, आन् थे गेलं तं? त्याचंही सांगत गेली. शेवटी सायबच म्हणाले, बस करो बेटा, चाय पियो."

मधुकररावांना इतका आनंद झाला, की समोरच्या बाईला त्यांनी टिकल्यांची पाकिटं फुकट देऊन टाकली. ती गेल्यावर मात्र ते गल्ल्यामागे खाली बसले. आता खरं विमान. आपणच आपली भीती उकरून उकरून पोरीला वर धाडलं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

संध्याकाळी उंचावरून एक विमान चाललं होतं, उन्हानं पोट चमकवत. मधुकरराव दुकानाबाहेर येऊन मान वर करून उभे राहिले.

"आन् तेल गेलं तं?" त्यांनी पुटपुटत विचारलं.

हँडल आहे.

"आन् दिवा गेला तं?"

दुसरं चित्र आहे.

"कोनासंग बोलता?" रुख्मिणीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

विमान आता ठिपक्याएवढं उरलं होतं. मधुकररावांनी नजर हलवली नाही.

"आन् हे सगळंच गेलं तं?" ते म्हणाले, आणि त्यांनीच उत्तर दिलं, "मंग रीता हाय ना."