बारीक शिट्टी

“हिला गप्प कर, नाहीतर मला तरी माहेरी धाड,” वाटाणे सोलता सोलता सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “डोक्यात भुंगा सोडलाय नुसता.”

सुनेने खटका बंद केला. शिट्टी थांबली. जेवणाच्या टेबलाच्या कडेला हातभर लांबीची पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एका टोकाने पकडीत आवळलेली होती. टिचकी मारली की बराच वेळ डोलत राहायची. तिच्या मुळाशी नखाएवढ्या दोन चकत्या चिकटवल्या होत्या. एक पट्टीची थरथर ओळखायची, दुसरी वीज मिळताच आखडून पट्टीला उलटा रेटा द्यायची. डोलणं थांबायचं खरं, पण त्याच दमात ही शिट्टी सुरू व्हायची. एक खोड सोडवली की दुसरी लागणाऱ्या कार्ट्यासारखं. सुनेच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या घरघरीत शिट्टी नीट कळेना, म्हणून पट्टी सुट्टीच्या दिवशी घरी आली होती.

सासरे समोरच पेपर वाचत बसले होते. उभा जन्म लोकांचे पियानो सुरात लावण्यात गेलेला. एके काळी शेजारच्या घरातला बेसूर स्वरही त्यांना झोपेतून उठवायचा. अलीकडे मात्र घरातले सगळेच जरा मोठ्याने बोलू लागले होते, आणि का, ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

बाबांच्या कानाला कुणी काही विचारून किती दिवस झाले, सुनेच्या मनात आलं. एवढी टोकदार शिट्टी तर येईलच ऐकू. तिने पट्टीला टिचकी मारली, खटका दाबला आणि त्यांच्या बाहीला हात लावला.

“बाबा, जरा सांगा ना. पूर्ण शांत झालीय का?”

त्यांनी चष्मा वर सारला आणि पट्टीकडे निरखून पाहिलं. डोलणं थांबलं होतं.

“अगदी शांत,” ते खुशीत म्हणाले. “जिंकलीस की गं.”

शिट्टी चालूच होती. सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

“हो ना,” सून म्हणाली आणि तिने खटक्याकडे हात नेला.

पण तेवढ्यात शाबासकी द्यावी तसं त्यांनी पट्टीवर बोट टेकवलं. बोटाला बारीक थरथर लागली आणि ते तिथेच थबकलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“वाजतेय का अजून?”

सुनेने खटक्याकडे नेलेला हात मागे घेतला. सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, आणि रोजच्यासारखा आवाज न चढवता, ओठ नीट दिसतील असं तोंड समोर धरून म्हणाल्या,

“वाजतेय हो. तुम्हाला ऐकू येत नाहीये.”