मी हरवलेच नव्हते

मित्रांनो, पक्कड म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघरातली पक्कड आठवेल, चहाचं गरम पातेलं उतरवणारी. ती माझी लांबची बहीण. मी विमानाची पक्कड आहे. आता जुनी झाले, सांध्यात जरा कुरकुरते. पण एके काळी माझ्यावाचून एक अख्खं विमान दिवसभर जागचं हललं नव्हतं. ही बढाई नाही. बढाई असती तर बरं झालं असतं.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. त्यातली भट्टी तेवढी आठवते. कळायला लागलं ते मुंबईच्या विमानतळाच्या कडेला, विमानं दुरुस्त करायच्या भल्यामोठ्या शेडमध्ये. तिला सगळे हँगर म्हणत. तिथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार काळ्या रंगात काढलेला होता. कामगाराने हत्यार नेलं, की त्याच्या रिकाम्या खिळ्यावर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आलं, की बिल्ला परत. काम संपल्यावर एखाद्या खिळ्यावर बिल्ला जरी उरलेला दिसला, तरी विमान सोडत नसत. विसरलेला पाना उडत्या विमानात कुठे जाऊन अडकेल, काय सांगावं?

माझं काम तार पिळायचं. विमान उडताना थरथरतं आणि थरथरीने नट सैल पडतात. म्हणून दोन नटांच्या भोकांतून बारीक तार ओवतात आणि तिला पीळ देतात. माझ्या शेपटाशी एक गोल मूठ आहे. ती ओढली की मी गर्रकन फिरते. तार अशी बांधायची, की एक नट सैल व्हायला निघाला तर त्याच ओढीने दुसरा आणखी घट्ट व्हावा. हे काम कुणालाही जमेल असं नाही, बरं का! आमच्या गोरखला जमायचं.

गोरख लोणावळ्याजवळच्या वलवणचा. घरी बायको शालन आणि नर्सिंग शिकणारी मुलगी प्रतीक्षा. त्याच्या हाताला घाई ठाऊकच नव्हती. काम झालं की मला फडक्याने पुसायचा, जबड्यातला कण काढायचा आणि मगच फळीवर ठेवायचा. इतर लोक मला नुसतं अडकवून चहाला पळायचे. मोठे इंजिनिअर नव्या पोरांना गोरखने दिलेला पीळ दाखवत तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जायचे. कौतुक त्याचं चालायचं, पण थोडं माझ्याही वाट्याला यायचं ना!

त्याच्यासोबत लोणावळ्याहूनच दिगंबर यायचा. तो आमच्या युनियनचा सेक्रेटरी. दोघे वर्षानुवर्षं एका गाडीने येत आणि एका डब्यात जेवत. चंद्रिकावहिनींच्या हातची अळूवडी गोरखला आवडते म्हणून दिगंबर चार वड्या जास्तच आणायचा. भाषणात तर तो माझाच दाखला द्यायचा. "आपण त्या तारेने बांधलेल्या नटांसारखे आहोत. एकाला कुणी सैल करायला गेलं, तर दुसरा घट्ट होईल!" टाळ्या पडायच्या. मलाही तेव्हा ते खरं वाटायचं.

मग कंपनीचे मालक बदलले. दुरुस्तीचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरतंय, निम्मी माणसं कमी होणार, अशी कुजबुज सुरू झाली. आणि नेमकी तेव्हाच युनियन फुटली. एक गट म्हणे संप करू, दुसरा म्हणे बोलणी करू. साहेब दोघांपैकी कुणालाच वेळ देत नव्हते. रोज सभा व्हायच्या आणि रोज एकमेकांची उणीदुणी निघायची. एकदा गोरख उठून म्हणाला, "भाऊ, भांडायचं तर भांडू आमी. पन आदी कुनाशी भांडायचंय ते तरी ठरवा." सगळे हसले. ठरलं मात्र काहीच नाही.

एके दिवशी सकाळी गोरख एका विमानाच्या चाकाशी बसला होता. तारेचं रीळ संपलं म्हणून तो मला हत्यारांच्या ताटलीत ठेवून नवं आणायला गेला. तेवढ्यात तिथून दिगंबर चालला होता. साहेबांनी त्याला पुन्हा भेट नाकारली होती, आणि त्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. तो थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचलून डगल्याच्या खिशात टाकलं.

हत्यार सापडलं नाही तर विमान उडणार नाही, दोनचार तास खोळंबलं की साहेब धावत बोलायला येतील, मग पक्कड कुठेतरी सापडली म्हणायचं. एवढाच त्याचा हिशेब होता. मी कुणाची पक्कड, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. फळीवर माझ्या खिळ्याला कुणाचा बिल्ला लटकतोय, याचा विचार त्याच्या मनात आलाच नाही.

मित्रांनो, तो उरलेला दिवस मी त्या खिशात काढला. गोरख आधी शांतपणे शोधत होता, मग गुडघ्यांवर रांगत. नंतर सगळे मिळून शोधू लागले. चाकं उतरवली, खालची झाकणं उघडली, आरसे घालून पाहिलं. विमान रद्द झालं. साहेब आले खरे, पण बोलणी करायला नाही, चौकशी करायला. सोबत सुरक्षा खात्याची माणसं होती. आता मला 'सापडवणं' दिगंबरला शक्यच नव्हतं. गोरख त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, हितंच ठेवली हुती. आईशप्पत हितंच." त्या वेळी मी गोरखपासून एका हाताच्या अंतरावर होते. मला जबडा आहे, पण बोलता येत नाही. त्या दिवशी मला माझ्या लोखंडाची लाज वाटली.

गेटवर झडती होती, म्हणून दिगंबरने मला युनियनच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात लपवलं. जुन्या कापडी फलकाच्या घडीत.

गोरखला कामावरून काढलं. कंपनीला माणसं कमी करायचीच होती, तिला आयतं कारण मिळालं. तो युनियनच्या खोलीत आला तेव्हा मी कपाटाच्या दाराआडून सगळं ऐकत होते. संपवाले म्हणाले, हा बोलणीवाल्यांचा माणूस. बोलणीवाले म्हणाले, आत्ता एकट्याचा प्रश्न काढला तर साहेब बिथरतील. गोरख म्हणाला, "मी कुनाचाच न्हाई वो. वर्गणी भरनारा मानूस हाय मी." शेवटी दिगंबर घसा खाकरून म्हणाला, "गोरख, युनियन तुझ्या पाठीशी आहे." मी कपाटात होते आणि कपाट गोरखच्या पाठीशी होतं. तेवढंच काय ते पाठीशी होतं.

पुढे व्हायचं ते झालंच. ठेकेदार आला, आमची सगळी माणसं घरी गेली, दिगंबरसुद्धा. दोन्ही गटांनी मिळून कामगार कोर्टात दावा लावला. तेव्हा कुठे एक झाले! खोली रिकामी करताना फलक, खुर्च्या आणि कपाट टेम्पोत चढलं, आणि मी लोणावळ्याला दिगंबरच्या घरी आले. इथल्या दमट हवेत माझ्या अंगावर तांबूस ठिपके उठले. कुणी मला पुसलं नाही.

परवा चंद्रिकावहिनींनी कपाट आवरायला काढलं. फलक झटकला तशी मी फरशीवर आदळले. त्यांनी मला उचलून विचारलं, "अहो, ही कसली पक्कड?" दिगंबरच्या हातातला पेपर खाली आला. त्याने काही थाप मारली असती तर ती खपली असती. पण इतके दिवस गिळून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं.

वहिनींनी मला त्याच्या पेपरावर ठेवलं. मग म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा."

"सांगून काय होईल, कळतंय का तुला? सेक्रेटरीनेच विमान अडवलं म्हणून कंपनी कोर्टात नाचेल. सगळ्यांचा दावा बुडेल. मी सगळ्यांसाठी गप्प आहे, चंद्रिका."

"मग गोरखभाऊजी त्या सगळ्यांत नाहीत का?"

दिगंबर उठला, त्याने मला खिशात घातलं आणि वलवणची वाट धरली. खरं सांगते, मला वाटलं, आता माझा वनवास संपला.

गोरख हल्ली धरणाजवळच्या एका बंगल्याची बाग आणि पाण्याचा पंप सांभाळतो. दिगंबरला पाहून त्याला केवढा आनंद झाला! शालनने चहा टाकला. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली हँगरमधला गोरखचा फोटो होता, आणि त्याच्या हातात मी होते. तेव्हाची, लखलखीत.

"बरं झालं आलात भाऊ," गोरख म्हणाला. "पुन्याकडं एका हँगरात बोलावलंय सोमवारी. काम पसंत हाय त्यांना. पन हत्यार हरवनारा मानूस म्हनून आदी दोन ठिकानी नकार आलाय. तुमी सेक्रेटरी हुता. तुमचा शबूद लागंल तितं."

शालन कप ठेवत म्हणाली, "भाऊ, लय काय न्हाई मागत. ह्यांच्या नावावरचा डाग तेवढा पुसा. हे आजून झोपंतनं उठून म्हनत्यात, हितंच ठेवली हुती."

दिगंबरचा हात खिशात गेला. त्याने मला घट्ट धरलं. मी मनात म्हणत होते, काढ, बाबा, बाहेर काढ. बोलू नकोस वाटलं तर. मला नुसतं त्या कपाशेजारी ठेव. गोरख मला ओळखेल.

"बघतो मी," दिगंबर म्हणाला.

चहा संपला. गोरख त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि वर म्हणाला, "तुमी हाय म्हनून धीर हाय." धरणाच्या कडेने जाताना दिगंबर पाण्यापाशी एकदा थांबला. मला काढून त्याने बराच वेळ पाहिलं. मला पाण्यात फेकून द्यायचीही त्याला हिंमत झाली नाही. घरी येऊन त्याने मला पुन्हा फलकात गुंडाळलं, कपाट लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. वहिनी दारात उभ्या होत्या.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या हत्याराने खरं तर म्हणावं, की मला तेलपाणी करा, गंज खरवडा, अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. गंजले तर गंजले. दिगंबर वाईट माणूस आहे, असंही मी म्हणणार नाही. रोज संध्याकाळी तो कपाटासमोर येऊन उभा राहतो, हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. पण त्याच्या श्वासाने गोरखला काम मिळत नाही.

मला पाय नाहीत, एवढंच माझं दुःख आहे. असते तर वलवण असं कितीसं लांब आहे? म्हणून तुम्हाला विनवते. ही किल्ली कुणाच्या हाती लागली, तर मला उचला आणि गोरखच्या दारात नेऊन ठेवा. काही बोलायची गरज नाही.

फक्त सोमवारच्या आत करा. आज शनिवार आहे.