पोट बोलू दे

डॉक्टर निषाद यांचं व्याख्यान रंगात आलं होतं आणि उत्कर्षाच्या मांडीवरचा फोन थांबायचं नाव घेत नव्हता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘ऑपरेशननंतर पेशंटला विनाकारण उपाशी ठेवू नका.’ फोनवर तिच्या घरमालकीण धोंडाबाई होत्या. आणि त्यांचे पती हैबतराव याच डॉक्टरांच्या हुकमावरून उपाशी पडले होते.

ती वाकून, लोकांचे पाय चुकवत हॉलबाहेर आली.

“कुटं हायेस गं पोरी?”

“काकू, मुळशीला. धरणाजवळ. ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं होतं ना?”

“व्हय व्हय. कशाचं म्हनालीस?”

“आजारी माणसाला नळीतून खायला कसं द्यायचं, त्याचं.”

“मंग हितं ये की! हितं माणूस हाय, नाकात नळी बी हाय. खायाचंच तेवढं न्हाई.”

उत्कर्षा परभणीची, इथं नांदे गावात हैबतरावांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. गणपतीत एकूण एक भाडेकरूला पाटावर बसवून, नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकणारी ही बाई आता नवऱ्याच्या उशाशी रिकाम्या हातानं बसली होती. हैबतरावांच्या आतड्याला पीळ पडला होता. भूगावच्या ज्या हॉस्पिटलात उत्कर्षा आहारतज्ज्ञ होती, तिथंच डॉक्टर निषादांनी आतड्याचा खराब तुकडा काढला. काम चोख झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्यानंतर माणूस नुसत्या सलाईनवर. डॉक्टर रोज सकाळी यायचे, पोटाची गुरगुर ऐकायला स्टेथोस्कोप लावायचे, म्हणायचे, “पोट बोलू दे, मग बघू.” हैबतरावांनी जन्मभर ग्रामसभेत दुसऱ्याला बोलू दिलं नव्हतं, आता त्यांचं अख्खं घर त्यांच्या पोटाला कान लावून बसलं होतं.

उत्कर्षानं दोनदा सांगून पाहिलं होतं, की आजकाल एवढं थांबत नाहीत, सलाईन म्हणजे जेवण नव्हे. डॉक्टरांनी मोबाइलमधून मान वर न काढता उत्तर दिलं, “मॅडम, तुम्ही चहा-उपम्याचं बघा.”

तिला या कोर्सला पाठवलं तेही काही हौसेनं नाही. हॉस्पिटलची तपासणी जवळ आली होती. तपासायला येणाऱ्यांना दाखवायला एक प्रमाणपत्रवाली आहारतज्ज्ञ हवी होती, जशी दारात कुंडी हवी असते. कुंडीला कुणी मत विचारत नाही.

ती आत आली तेव्हा डॉक्टर म्हणत होते, “पोट बोलायची वाट बघणारे सर्जन अजूनही आहेत, हे आपलं दुर्दैव!” हॉल हसला.

जेवणानंतर रोल-प्ले होता : ‘डॉक्टरांशी संवाद’. प्रमाणपत्रासाठी त्याला गुण होते. कोर्सच्या प्रमुख आशालता मॅडम, मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, आवाजात सदैव साखर. त्यांनी प्रत्येकीला एका काल्पनिक पेशंटची चिठ्ठी दिली. डॉक्टरांच्या भूमिकेत, अर्थातच, डॉक्टर निषाद.

एकेक बाई पुढे जाऊन लाजत, अडखळत पेशंट मांडू लागली. डॉक्टर मान डोलवत ऐकायचे. “फार सुंदर मुद्दा काढलात, मॅडम. तुमच्यामुळेच आमची ऑपरेशनं यशस्वी होतात. करा सुरू!” टाळ्या. वॉर्डात चार वर्षं जपून ठेवलेलं सगळं हसू त्यांनी त्या एका दुपारी उधळलं. पहिल्या रांगेतल्या, नळीतून द्यायची पावडर विकणाऱ्या कंपनीच्या लोकांनी फोटो काढले.

उत्कर्षाची पाळी आली. डॉक्टर तिच्याकडेही तितकंच गोड हसले. म्हणजे एप्रनशिवाय त्यांनी तिला ओळखलंसुद्धा नव्हतं.

तिनं हातातली चिठ्ठी चुरगाळली.

“सर, माझा पेशंट चिठ्ठीत नाही. सत्तरीचे गृहस्थ. आतड्याचं ऑपरेशन झालंय. त्याआधीच पंधरवडाभर अन्न पोटात टिकत नव्हतं, वजन उतरलंय. आता उलटी नाही, पोट मऊ आहे, बीपी चांगलं आहे. तरी अजून अन्नाचा थेंब नाही.”

“अरेरे,” डॉक्टर हळहळले. “मॅडम, मग वाट कसली बघताय? आजच सुरू करा! इतका उशीर केलाच कसा तुम्ही?”

हॉल हसला. उत्कर्षा हसली नाही.

“उशीर मी नाही केला, सर. पेशंट भूगावला आहे, आपल्याच हॉस्पिटलात. ऑपरेशन तुम्ही केलंय. फोन लावा.”

डॉक्टरांनी तिला आत्ता नीट पाहिलं.

“मॅडम, हा रोल-प्ले आहे.”

“तुमचा असेल. तो माणूस खरोखर उपाशी आहे.”

“उत्कर्षा,” आशालता मॅडम उठल्या, “अगं, पेशंटबद्दल असं चारचौघांत...”

“मी नाव घेतलंय का, मॅडम?”

“मी सोमवारी राउंडला बघतो,” डॉक्टर म्हणाले.

“सकाळच्या तुमच्या स्लाइडवर सोमवार नव्हता, सर.”

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडली, “लावा ना फोन, सर!” मग दुसरी. मग पाच-सहा जणी. उत्कर्षानं कुणाची वाट न बघता वॉर्डाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माइकपुढे धरला.

“हां उत्कर्षा, बोल पटकन, इंजेक्शनची वेळ झालीय,” गौतमी सिस्टरचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला.

“निषाद सर बोलतायत.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. “सिस्टर, तो आतड्याचा पेशंट... नळीतून फीड सुरू करा. या मॅडम सांगतील तसं.”

“पण सर, तुम्हीच तर बजावलंय, आहारवालीनं काहीही सांगितलं तरी फाइलमध्ये घ्यायचं नाही म्हणून.”

आता हॉल हसला ते वेगळं हसणं होतं. फोटो काढणाऱ्यांनी फोन खिशात घातले.

“गौतमी, सकाळचे रक्ताचे रिपोर्ट?” उत्कर्षानं विचारलं. “फॉस्फरस, पोटॅशियम?”

“आलेत. ठीक आहेत.”

“मग ताशी वीस मिलिलीटरनं सुरू कर, जास्त नाही, उपाशी माणसाला एकदम सोसत नाही. उशी उंच ठेव. पोट फुगलं, उलटी आली तर थांबव आणि सरांना कळव. कितीही वाजलेले असू देत.”

ती खाली उतरली. टाळी एकीनंही वाजवली नाही. पण तिला वाट द्यायला बायका खुर्च्यांसकट सरकल्या.

आशालता मॅडमनी तिला दाराशी गाठलं. हातात गुणांचा तक्ता. “विषयाचं ज्ञान उत्तम आहे तुझं. पण संवादात नापास करावं लागेल. प्रमाणपत्र अडकणार बघ.”

“डॉक्टरांपुढे गोड कसं बोलायचं एवढंच शिकवायचं होतं, तर बाकीचं कशाला शिकवलंत, मॅडम?”

आशालता मॅडमनी आवाज खाली आणला. त्यातली साखर गेली होती. “मी आयुष्यभर गोडच बोलले गं. त्याशिवाय ऐकत नाहीत ते.”

“मग ऐकलं का त्यांनी?”

मॅडमनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

पोर्चमध्ये डॉक्टर ड्रायव्हरची वाट पाहत उभे होते. “सोमवारी माझ्या केबिनमध्ये या,” ते दात आवळून म्हणाले. “तुमच्या नोकरीबद्दल बोलू.”

“बोलू की. पण फोनवरच्या ऑर्डरवर तुमची सही लागते, सर, आणि ती आजच लागते. सही नाही म्हणून संध्याकाळच्या पाळीनं फीड बंद केलं तर? मी वॉर्डात जातेय. तुम्हीही चला.”

“मला पुण्यात कार्यक्रम आहे.”

“भूगाव वाटेतच आहे.”

गाडी आली. ते मागच्या सीटवर बसले, काच वर केली. उत्कर्षानं हेल्मेट चढवलं, भूगावपर्यंत पाठ सोडायची नाही म्हणून स्कूटर बरोबर त्यांच्या गाडीच्या मागे आणून उभी केली. आतून ड्रायव्हर आरशात बघत होता, डॉक्टर काहीतरी सांगत होते, गाडी हलत नव्हती.

तिनं हॉर्नवर अंगठा दाबला आणि उचललाच नाही.